दहा सोडून

मंगळवार, ३ मार्च

भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच फेकलं असशील, तर प्रश्नच मिटला. उघडलं असशील तर आता वाचूनच टाक. दोन वर्षं तू मला लिहिलं नाहीस, मी तुला लिहिलं नाही, आणि तुझी आई बिचारी दोन्हीकडची पत्रं वाचून दोन्हीकडे निम्मंनिम्मं सांगत बसली. तिला टपालखात्याने पगार द्यायला हवा.

तू रॉकेट रेजिमेंटमध्ये गेलीस, त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी जे बोललो ते इथे पुन्हा लिहीत नाही. तू उलट जे बोललीस तेही लिहीत नाही. कागद फुकट जातो.

मी अजून इथेच आहे, सीमेपलीकडे, त्यांच्या कारखान्याच्या फाटकावर. माझं काम काय ते तू कधी धड ऐकून घेतलं नाहीस, म्हणून सांगतो. करार असा आहे, की जमिनीवरून सोडायची आखूड पल्ल्याची क्षेपणास्त्रं दोघांनीही बनवावीत, लांब पल्ल्याची कोणीच बनवू नयेत. आता बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. सीलबंद नळकांड्यात बसून, ट्रकवर आडवी होऊन फाटकातून निघतात. नळकांडं उघडायची आम्हाला परवानगी नाही. मग राहिलं काय? लांबी. लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र पोटात जास्त इंधन घेतं, म्हणून ते थोडं लांब असतं. तर येणारं प्रत्येक नळकांडं फाटकात थांबवायचं, टेप लावायची आणि सोडायचं. आपल्या कारखान्याच्या फाटकावर त्यांची माणसं हेच करतात. जन्मभर भाजीवाल्यांचे तराजू तपासले आणि म्हातारपणी क्षेपणास्त्रांना टेप लावतोय. वजनमापे खात्यातल्या माणसाची बढती म्हणतात ती हीच. हसायचं असेल तर हसून घे.

बातमी तू ऐकलीच असशील. शुक्रवारी एक नळकांडं दहा सेंटिमीटर जास्त भरलं. करारात सूट आहे तीनची. माप नीट घेतलं गेलं, त्यात काही चूक नाही. टेप लगेच पेटीत घालून दोन्ही बाजूंचं सील लावलं, नळकांडं फाटकाशेजारच्या शेडमध्ये अडवून ठेवलंय. रेडिओवर लोक काय वाट्टेल ते बोलतील. तू घाबरू नकोस, म्हणजे तू घाबरत नाहीसच, पण तरी.

पायमोजे आईने पाठवलेत. ओले घालू नकोस.

बाबा


शुक्रवार, ६ मार्च

भिंगरी,

आज आईचा फोन आला. तुमची रेजिमेंट गाड्यांसकट बराकीतून निघाली म्हणाली. कुठे ते तिला माहीत नाही. ती रडली नाही. बोलता बोलता घर झाडत होती, मला केरसुणीचा आवाज ऐकू येत होता. तुला माहीत आहे ना, ती केव्हा झाडते.

सोमवारी आपलं सरकार करारातून बाहेर पडल्याचं जाहीर करणार, अशी इथे बोलवा आहे. मग आम्हाला परत नेतील म्हणतात. म्हणतात, हं.

फोन ठेवला आणि मी भिंतीवरचा नकाशा काढून टेबलावर पसरला. तुझ्या गाडीवरच्या रॉकेटचा पल्ला काही गुपित नाही, वर्तमानपत्रात चित्रासकट छापून येतो. सीमेवरच्या त्या जंगलात गाडी उभी केली आणि पट्टी ठेवली, तर हे फाटक त्या पल्ल्यात आरामात बसतं. आणि क्षेपणास्त्रांच्या भांडणात आधी काय उडवायचं, हे सांगायला तोफखान्यातलाच माणूस कशाला हवा? समोरच्याचा कारखाना. मला उत्तर देऊ नकोस. देता येणारही नाही. मी आपला पट्टी बाजूला ठेवून चहा प्यायलो.

खरी भीती मला माझी नाही. रॉकेट सुटलं की धूर गाडीची जागा सांगतो, आणि समोरचा तोफखाना उलटा मारा करायच्या आत तुम्हाला तिथून पळायचं असतं. एवढं मलाही कळतं. आणि तू गाडी मागे घेताना नेहमी उजवीकडे जास्त ओढतेस. मीच शिकवली आहे तुला गाडी, म्हणून सांगतो. आता ड्रायव्हर दुसरा असेल, तू नुसती हुकूम देत असशील. तरी त्याला सांग, सरळ घे.

तुला त्या नळकांड्याची हकिगत नीट सांगतो. मागच्या पत्रात मी “माप घेतलं गेलं” असं लिहिलं. लहानपणी तुझ्या हातून पेला पडला की तू “पेला फुटला” म्हणायचीस, आणि मी ओरडायचो, “फुटला नाही, फोडला म्हण!” तर माप घेतलं गेलं नाही. मी घेतलं.

टेप धरायला दोन माणसं लागतात. एक टोक त्यांचा माणूस धरतो, दुसऱ्या टोकाला आकडा मी वाचतो. त्यांचा माणूस म्हणजे सुतारबुवा. कारखान्याची खोकी ठोकणारा म्हातारा, कानाला पेन्सिल आणि कायम रुसलेला चेहरा. माझी टेप जुनी होती. तिचं टोक कधीकाळी ट्रकच्या चाकाखाली चेपलं होतं. पुढची टेप चोख, फक्त सुरुवात बिघडलेली. म्हणून सुतारबुवा शून्य सोडून दहाच्या रेघेवर अंगठा दाबायचे आणि मी आलेल्या आकड्यातून दहा वजा करायचो. सगळे सुतार करतात, मी तुलाही शिकवलंय. विसर पडू नये म्हणून दर वेळी ते तिकडून ओरडायचे, “दहा सोडून!” आणि मी इकडून म्हणायचो, “सोडले!” त्यांना आपली भाषा येत नाही. एवढे दोनच शब्द येतात, आणि तेही असे ठसक्यात म्हणतात की जणू आपल्याकडेच जन्मले.

नवी टेप मी किती वर्षं मागत होतो! सरकारी काम, सहा महिने थांब. ती नेमकी गेल्या आठवड्यात आली. आणि त्याच आठवड्यात दोन्ही सरकारांची बोलणी फिसकटली, आणि वरून हुकूम आला, की फाटकावर समोरच्या माणसाशी कामाचा कागद सोडून एक शब्द बोलायचा नाही. त्यांनाही तोच हुकूम. म्हणजे गेल्या शुक्रवारी नव्या टेपचं पहिलंच माप आम्ही दोघांनी तोंडाला कुलूप लावून घेतलं.

आकडा दहाने जास्त आला. नऊ नाही, अकरा नाही. बरोबर दहा.

मला काही म्हणायचं नाहीये. नुसतं लिहितोय. थंडी फार आहे इथे.

बाबा


शनिवार, ७ मार्च

भिंगरी,

आज सकाळी खिडकीतून सुतारबुवांना बघत होतो. शेडसमोर खोक्यासाठी फळ्या मोजत होते. स्वतःच्या टेपने, जी अगदी धडधाकट आहे. अंगठा कुठे होता सांगू? दहावर.

 चहाचा कप तसाच खिडकीत राहिला. टेप नवी होती, पण सवय जुनी होती! मी नव्या टेपच्या भरवशावर सरळ आकडा वाचला, आणि म्हाताऱ्याने अंगठा ठेवला जिथे तो रोज ठेवतो तिथे. एरवी त्यांनी ओरडून सांगितलं असतं, मी म्हटलं असतं, “अहो, नवी आहे, शून्यावर धरा,” आणि दोघंही हसलो असतो. पण आमचा हुकमी अबोला. इथे ध चा मा कोणी केला नाही, भिंगरी. दहाचं शून्य झालं, तेही कोणी काही न बोलल्यामुळे.

हे सगळं मला वाटतंय. माहीत काहीच नाही. पण एक गोष्ट आठवते. नळकांड्याच्या कडेला ताजा हिरवा रंग होता, थंडीमुळे नीट वाळला नव्हता. माप झाल्यावर सुतारबुवांनी अंगठा एप्रनला पुसला होता, आणि एप्रनवर हिरवा फराटा उठला होता. म्हणजे टेपवरही ठसा असणार. शून्यापाशी असेल तर नळकांडं खरंच लांब आहे, आणि दहापाशी असेल तर ही सगळी पळापळ, तुझ्या गाड्या, आईची केरसुणी, सगळं माझ्या एका वजाबाकीपायी. आणि टेप पेटीत, पेटीवर सील.

मी आमच्या पथकाच्या प्रमुखबाईंकडे गेलो. बाई वाईट नाहीत. गेले काही दिवस टेलिफोनपाशीच बसून आहेत, डोळे सुजलेत.

“बाई, पेटी उघडायला हवी.”

“का?”

मी सांगितलं. 

“खात्री आहे तुम्हाला?”

“नाही.”

“मग खाजवून खरूज कशाला काढताय? वर सगळं ठरलंय. सोमवारचं भाषणसुद्धा लिहून झालंय.”

“भाषण माझ्या आकड्यावर लिहिलंय ना पण.”

त्यांनी सुजलेले डोळे चोळले. मग म्हणाल्या, “तुमची मुलगी पुढे गेली आहे ना? रॉकेटवर?”

“हो.”

“लोक म्हणतील, पोरीला वाचवायला बापाने माप फिरवलं. तुम्ही काय, आज ना उद्या निवृत्त होणार. पण तिच्या नावाला बट्टा लागेल तो जन्माचा. तिला विचारलंत?”

 तुला विचारायला तू कुठे आहेस? आणि विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस तेही मला ठाऊक आहे. “बाबा, माझ्या कामात नाक खुपसू नका.” शब्द तेच, दोन वर्षांपूर्वीचे.

“आणि ठसा शून्यापाशी निघाला तर?” बाई म्हणाल्या.

“तर माझं माप बरोबर होतं.”

“हो, पण आपल्याच माणसाचा आपल्या मापावर विश्वास नाही, हे सगळ्या जगाने पाहिलेलं असेल.”

करारात एक कलम आहे. माप घेणाऱ्यानेच शंका काढली, तर दोन्ही बाजूंसमोर पेटी उघडावी लागते, आणि ते कोणाला अडवता येत नाही, प्रमुखालाही नाही. पण शंका तोंडाने, फाटकात उभं राहून, सगळ्यांदेखत काढावी लागते. आणि ज्याने काढली त्याने त्यानंतर कधी माप घ्यायचं नाही, निकाल काहीही लागो. कलम लिहिणारे हुशार होते. उगाच कोणी शंका काढू नये म्हणून त्यांनी ती महाग करून ठेवली.

तू मला नेहमी म्हणायचीस की बाबांच्या तोंडून “माझं चुकलं” हे दोन शब्द मरताना तरी निघतात का बघू. मी तेव्हा चिडायचो. आता मघापासून खोलीत एकटाच म्हणून बघतोय. “माझं” निघतं, पुढचं निघत नाही, काय सांगू तुला.

बाबा


रविवार, ८ मार्च

भिंगरी,

निघाले शब्द.

सकाळी नेहमीसारखी माझी ओळखपट्टी गळ्यात घालून फाटकात उभा राहिलो आणि प्रमुखबाईंना म्हणालो, त्यांच्या बाजूचे प्रमुख आहेत त्या कर्नलना बोलवा. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता थोबाडीत देतील. पण टेलिफोन उचलला. कर्नल ताडताड पाय आपटत आले. त्यांना वाटलं आम्ही आणखी काहीतरी खुसपट काढलंय. टेप धरणारा माणूस हजर लागतो, म्हणून सुतारबुवांनाही आणलं. ते माझ्याकडे बघेनात. गेला आठवडाभर त्यांचीच माणसं त्यांना विचारत असणार, की तू टोक नीट धरलं होतंस ना रे, का त्यांना सामील आहेस? चेहरा उतरला होता पार.

मी म्हणालो, “अडवलेल्या नळकांड्याच्या मापाबद्दल मला शंका आहे. माप मी वाचलं होतं. माझं चुकलं असावं.”

दुभाष्याने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. कर्नलना वाटलं दुभाषाच चुकला, त्यांनी परत विचारलं. म्हणजे मला ते दोनदा म्हणावं लागलं, तुझ्या नशिबाने.

बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, “पोरीचा विचार केलात?” मी म्हटलं, “केला.” मग मी ओळखपट्टी काढून त्यांच्या हातात दिली.

पेटीची दोन्ही सीलं तपासली, तोडली. टेप टेबलावर ठेवली. टोक कर्नलनीच धरलं आणि ओढायला लागले. शून्य स्वच्छ होतं. कोरं करकरीत. पण शून्यावर ठसा नाही याचा अर्थ पुढे असेलच असं नाही. रंग अंगठ्याला नंतर लागला असला तर? पुसला गेला असला तर? मी जगातल्या सगळ्या टेपांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

दोन, पाच, सात. काही नाही.

दहावर हिरवा अंगठा. अर्धा, पण अगदी स्पष्ट, रेघा मोजाव्यात असा. गुंडाळीत तो वरच्या वळणावरही थोडा उमटला होता.

कर्नलनी खिशातून चष्मा काढून लावला.  आणि मग सुतारबुवा पुढे आले. आधी टेपकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे, मग पहिल्यांदा माझ्याकडे. बोलायचा हुकूम नव्हता. कर्नल हातभर अंतरावर होते. पण म्हाताऱ्याने छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असा ओरडला:

“दहा सोडून!”

“सोडले!” मी म्हणालो. म्हणजे माझ्याही आधी माझ्या तोंडाने म्हटलं. आणि नंतर मला रडू आलं, भर फाटकात, दोन देशांच्या माणसांसमोर. सुतारबुवा आपल्या एप्रनने डोळे पुसत होते, तिथे तो हिरवा फराटा अजून होता.

नळकांडं शेडमधून काढून पुन्हा मोजलं. माझ्याऐवजी बाईंनी स्वतः आकडा वाचला. तीनच्या आत, बरोबर. बाई टेलिफोनपाशी गेल्या त्या अजून तिथेच आहेत. दार बंद आहे, आवाज चढलेला ऐकू येतो. आवाज बाईंचाच आहे, एवढं मला कळतंय.

पुढे काय होईल मला ठाऊक नाही. ज्यांना भांडायचंच आहे त्यांना दहा सेंटिमीटर नाही तर आणखी काही सापडेल. उद्या काय भाषण होतं ते बघायचं.

तुला लोक बोलतील. माझ्यामुळे. मी हे तुझ्यासाठी केलं का? तुझ्यासाठी नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. निम्मं तुझ्यासाठी आणि निम्मं मापासाठी, आणि कुठलं निम्मं मोठं ते मोजायला माझ्याकडे आता टेपही नाही. तू रागावलीस तरी चालेल, फक्त जिवंत राहून रागाव.

बाबा


शनिवार, २१ मार्च

बाबा,

तुमची चारही पत्रं आज बराकीत परत आल्यावर एकाच गठ्ठ्यात मिळाली. ती जंगलात आमच्यामागे हिंडली आणि दर वेळी आम्ही तिथून निघाल्यावर पोचली. मी शेवटचं आधी वाचलं, त्यामुळे तुम्ही जिवंत आहात आणि चुकलात, हे दोन्ही मला तुमच्याच अक्षरात एकदम वाचायला मिळालं.

सोमवारचं भाषण झालंच नाही. आम्हाला का ते कोणी सांगितलं नाही, नुसतं गाड्या झाका आणि थांबा म्हणाले. नंतर रेडिओवर तुमचं कळलं. त्यात तुमचं नाव नव्हतं, “एका वयस्कर निरीक्षकाची दहा सेंटिमीटरची चूक” एवढंच होतं. मी ऐकल्याबरोबर ओळखलं. दहा म्हटल्यावर दुसरं कोण असणार?

लोक बोलतात. काल जेवणाच्या रांगेत एकजण मागून म्हणाला, “ही त्या टेपवाल्याची पोर.” मी वळून म्हटलं, “हो. आणि तू आज इथे रांगेत उभा आहेस तो त्या टेपवाल्यामुळे.” मग त्याने मला पुढे जाऊ दिलं. तेव्हा बट्ट्याची काळजी करू नका, मी तो मिरवतेय.

तुम्ही नकाशावर पट्टी ठेवून जे लिहिलंत, त्यावर मला काही लिहिता येत नाही. एवढंच लिहिते की तुमचा अंदाज चांगला आहे. माऱ्याचे आकडे माझ्या हातात आले तेव्हा मी ते दोनदा तपासले, सवय तुम्हीच लावलेली. बरोबर होते. तुम्ही तिथे आहात हे मला माहीत होतं. आणि हुकूम आला असता तर मी नाही म्हणाले नसते, बाबा. तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. तुम्ही पेला फोडला म्हणायला शिकवलंत, म्हणून फोडला असंच लिहितेय.

हे वाचून माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही, तर मला समजेल.

वाटलं तर पुढच्या रविवारी मी घरी येतेय; तुम्हालाही घरी परत पाठवलंय असं आई फोनवर म्हणाली. आईला सांगितलंय, ती आत्तापासून झाडायला लागली असेल. टेपचं टोक चेपलं म्हणून टेप फेकायची नसते, बिघडलंय तेवढं सोडायचं आणि तिथून पुढे मोजायचं, हे मला टेबलाशी स्टुलावर उभं करून कोणी शिकवलं होतं? मी दारातून ओरडीन. तुम्ही आतून उत्तर द्या, म्हणजे मी आत येईन.

दोन वर्षं सोडून!

भिंगरी